सहा डेसिबल

जानेवारी, रात्रीचे पावणेदहा.
दौलतगंजात धुकं इतकं
की दुकानांच्या पाट्या अर्ध्याच वाचता येतात.
डॅशबोर्डवर चार फोन, रबरबँडनं जखडलेले,
मांडीवर लॅपटॉप,
आणि स्टिअरिंगवर भूरेसिंह तोमर,
जो तीन वर्षं मला एकच विचारतोय,
"मॅडम, ये सब फोन बात किससे करते हैं?"

बोलत नाहीत, भूरेसिंह. ऐकतात.
खिशातला, उशाखालचा,
गजकच्या डब्याशेजारी विसरलेला फोनसुद्धा
कान देऊन बसलेला असतो:
किल्ल्याच्या अंगाचा टॉवर किती जोरात,
शिंदे की छावनीचा किती,
आणि ह्या खांबावरची ही पेटी,
दिव्याखाली, जेवणाच्या डब्याएवढी,
दिवाळीनंतर मीच भांडून बसवून घेतलेली,
ती किती.
मग ज्याचा आवाज मोठा, त्याचा होतो.
एवढंच शिकवलंय त्याला.

टॉवरकडे चाळीस वॅट. पेटीकडे जेमतेम एक.
म्हणून पेटीपासून वीस पावलांवरच
सगळे फोन टॉवरच्या रांगेत जाऊन उभे,
जिथं आज दोन वरातींचे व्हिडिओ आधीच तुंबलेत.
आणि पेटीवर कोण?
कोपऱ्यावरचा पानवाला. तोही झोपलाय.

दुसऱ्या मजल्यावर पिवळा दिवा, ते आईचं घर.
ती म्हणते, फोन कानाला भाजतो,
सकाळी भरलेली बॅटरी चहाच्या वेळेलाच मान टाकते,
"तू त्याच खात्यात ना गं? मग?"

मला माहीत आहे का ते.
टॉवर तिला इथं स्वच्छ ऐकू येतो,
पण तो लांब, किल्ल्याच्या पलीकडच्या वळणावर,
आणि तिच्या फोनला तिथपर्यंत
घसा फोडून ओरडावं लागतं, अक्षराअक्षराला.
ज्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो
त्याच्यापर्यंत आपला पोचतोच असं नाही.
हे तिला सांगितलं नाही.
नवा फोन घेऊ, म्हणाले.

भोपाळला रात्रपाळीवर नाफडे. जांभई देत होता.
म्हटलं, दौलतगंज तीन. ऑफसेट शून्यावर आहे, सहा कर.
"सहा?"
सहा.
म्हणजे आसपासच्या सगळ्या फोनांना निरोप:
पेटी जेवढी ऐकू येईल त्यात सहा मिळवा,
मग करा तुलना.
पेटीचा आवाज होता तेवढाच राहतो.
दालबाजारात तराजूला अंगठा लावतात ना, तसं,
पण हलक्या पारड्याला.
भूरेसिंह हसला. अंगठा त्याला लगेच कळला.

तरी फोन एकदम उडी मारत नाही.
फरक टिकतोय का बघतो,
सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबतो,
नाहीतर वळणावळणाला बिऱ्हाड बदलत बसेल.

निळी रेघ तुटली, हिरवी लागली.
एक फोन. दुसरा. तिसरा.
चौथा जुना आहे, हट्टी.
पेटीवर सात जण. मग अकरा.
त्यात आई असेल. मला नावं दिसत नाहीत,
नुसते आकडे.

वर गॅलरीचं दार वाजलं.
घरात रेंज येत नाही म्हणून बाहेर यायची सवय,
थंडीतही, शाल गुंडाळून, एक हात कानाला.
मी माझा फोन काढून गुडघ्यावर ठेवला.
काच खाली केली.

"हो गं शर्वरी, पुण्यात थंडी काय म्हणते?
नाही नाही, आज अगदी शेजारी बसल्यासारखी येतेयस..."

माझ्या पेटीतून. माझ्या डोक्यावरून
हजारेक किलोमीटर.

"आगे चलें, मॅडम?"
पुढे जनकगंज होतं, अजून नऊ खांब.
थांब, म्हटलं,
लॉग दोन मिनिटं चालू दे.