तिसरी ओळ

बुटाच्या खोक्यात एकशे बारा कार्डं.
वाघ छापलेली, पंधरा पैशांची.
कोपरे उंदरानं नाही, हातांनी खाल्लेले.

नुसरतचे अब्बा इंजिन चालवायचे.
पूर्णेच्या लोकोशेडचं काम आटत गेलं तशी
अर्धी रेल्वे कॉलनी ट्रकांत चढली.
तिचं घर गेलं गुंतकलला.
तिथं सगळी तेलुगू. म्हणाली, मराठी विसरेन मी.
मग ठरलं : महिन्याला एक कार्ड, तीनच ओळी,
घनसावंत बाईंनी शिकवल्या तशा,
बोटं मोडत. पाच, सात, पाच.
सा. न. नाही, वि. वि. नाही, कुशल मंगल तर नाहीच.

    नवं घर हे
    खिडकीत रूळच
    लिंब नाही गं

पत्त्याच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात :
‘लिंब म्हणजे कडुलिंब. सोनकांबळे काकांना सांग.’

कारण कार्ड आधी सोनकांबळे वाचायचे.
सायकल भिंतीला टेकवून,
चष्मा कपाळावरून नाकावर उतरवून.
‘वाचलं नाही माय, डोळ्याला पडलं.’
डोळ्याला पडलेलं फाटकातूनच म्हणत यायचे.
आई पिठाचे हात तसेच धरून ऐकायची.

मी इकडून पाठवलं :

    तुझा तो ओटा
    नवी पोरं बसली
    वळसा घेते

वळसाबिळसा काही घेत नव्हते मी.
पोरं चांगली होती, त्यांच्याकडे कॅरम होता.
पण पाच अक्षरांत कॅरम बसेना.

त्र्याण्णवचा ऑक्टोबर.

    भांडी वाजली
    आम्ही अंगणात गं
    चंद्र जागीच

आमच्याकडे तेवढंच झालं. एक कप फुटला.
रेडिओवर किल्लारीकडची नावं येत होती
आणि सोनकांबळेंची बहीण औशाच्या बाजूला दिलेली.
हे कार्ड मी त्यांच्याच हातात दिलं, पेटीत टाका म्हणून.
त्यांनी ते पाहिलं. म्हणाले काही नाहीत.
पुढे पंधरा दिवस टपाल दुसऱ्याच माणसानं वाटलं,
न वाचता.

आणि हे एक.
टपालाच्या पिशवीत कुणाच्या तरी लेकीला निघालेली
लोणच्याची बरणी फुटली असणार.
कार्ड आरपार दिसतं. मोहरीचा वास अजून आहे,
किंवा मला येतो.

    अब्बांचा डबा
    आता खुंटीला आहे

खाली नुसता पिवळा डाग, शाई त्यात विरघळलेली.
मी दारातच बसले.
सोनकांबळे सायकलचा दांडा धरून उभे. मग म्हणाले,
‘सकाळी नीट होतं कार्ड. डोळ्याला पडलं होतं.
शिट्टी ऐकतो. असं होतं बघ खाली.’
डबा. खुंटीला. शिट्टी ऐकतो.
मी पेन्सिलीनं डागावर लिहून घेतलं
आणि तेव्हा कुठं रडता आलं.
तेल वाळून कडक झालेलं होतं, सकाळचं नव्हतंच,
हे कळायला मला वीस वर्षं लागली.

परवा नुसरतचा व्हिडिओ कॉल. मेंदीनं लाल केस,
मांडीवर नातू. खोकं उघडून एकेक वाचून दाखवलं.
त्या कार्डाशी ती थांबली.
‘ये मेरा नहीं गे.’
मग काय होतं?
‘याद नाही. पण शिट्टी नव्हती. त्या साली शिट्टी वाजली
की मी कानात बोटं घालायची.’
नातवानं फोन ओढला. छत दिसलं, पंखा दिसला.
पंख्यातूनच आवाज आला :
‘राहू दे. खोडू नको.’

सोनकांबळे आता वसमतला, लेकाकडे.
ऐंशी उलटली. ऐकू कमी येतं,
डोळ्याला मात्र पडतं म्हणे.
पोस्टातल्या पोरानं तीन ड्रॉवर उघडून कार्ड शोधलं,
वर विचारलं, हे कशाला लागतं मावशी.

    आठ आण्याचं
    कार्ड, हात कापतो

तिसरी लिहिली नाही.
पूर्णा ते वसमत, मध्ये पिशवी, मध्ये किती हात.
पडू दे कुणाच्या डोळ्याला.