फरशीची मागची बाजू

मिबलादेनची खाण बंद झाली त्या हिवाळ्यात
इत्तो मावशीने कुणाच्यातरी न्हाणीघरातली फुटकी फरशी
घासून, धुऊन उन्हात उभी केली.
हिचं काय करणार, मी विचारलं.
शाळा, ती म्हणाली.

पुढून निळी, गुळगुळीत. तिच्यावर काही उमटत नाही.
मागून पांढरी, खरखरीत, भिंतीला चिकटायची बाजू.
दगड तिथे ओढायचा. एकदाच, जोर लावून.

आरशासारखा काळा हेमॅटाइट
ओढला तर विटकरी निघाला.
आणि लहसेनने चार वर्षं उशाशी जपलेलं सोनं
काळपट हिरवी रेघ ओढून
गप्प झालं. लहसेनही.

"रंगावर जाऊ नकोस," मावशी म्हणाली,
"रंग पाहुणा असतो.
कस घरचा."

मग नख. नखाने जिप्सम.
तांब्याच्या पट्टीने, जेमतेम, कॅल्साइट.
सुरीने फ्लुओराइट.
गारगोटीवरही सुरीची रेघ उठली
आणि मी ओरडलो, कापली!
मावशीने बोट ओलं करून रेघ पुसली.
खाली गारगोटी जशीच्या तशी.
झिजली होती ती सुरी.
"कोण कुणाला ओरखडतंय
ते पुसल्याशिवाय कळत नाही."

बराइट उचलताना हात आधी फसतो.
दिसतो काचेसारखा,
भरतो झोपलेल्या पोराएवढा.
लिंबू पिळायचं ते कॅल्साइटवर,
आधी थोडी पूड खरवडून,
कान जवळ नेऊन.
गॅलेना फोडला की चौकोन,
चौकोन फोडला की आणखी चौकोन,
मोडतो पण रीत सोडत नाही.
"चाखायचं फक्त मीठ.
शिशाच्या दगडानंतर हात धुवायचे, दोनदा.
तुझ्या काकाने बावीस वर्षं
ते श्वासातून चाखलं."

मिदेल्तच्या रस्त्यावर आमचं दुकान,
दुकान म्हणजे चार फळ्या आणि ताडपत्री.
पलीकडे हमू पोकळ दगडांना
जांभळं, हिरवं, गुलाबी न्हाऊ घालायचा
आणि फेसकडून येणाऱ्या बशी
त्याच्यापाशी आधी थांबायच्या.

आमच्या वरच्या फळीवर मात्र एक होता:
अर्धा फुटलेला गोळा, आत चांदणं ठासून भरलेलं.
एका उंच बाईने त्याचे सहाशे दिरहम काढले.
आमचं दोन महिन्यांचं पीठ, तेल, साखर.
मावशीने चुलीत सुई लाल केली,
गोळ्याच्या आत टेकवली.
जळक्या गोंदाचा वास आला.
"खोटा आहे," ती म्हणाली,
आणि शेजारचा व्हॅनेडिनाइट पुढे सरकवला,
लाल, षटकोनी, नव्वद दिरहम.

बाई गेल्यावर मी गोळा खाली काढला.
कडेला सुईची भोकं, एक नाही,
अकरा.

"मग ठेवलायस कशाला?"

मावशी फरशी पुसत होती.
शेवटच्या थंडीत, म्हणाली, जिना उतरवेना तेव्हा
बास्सूने हा बनवला. विकायलाच.
गॅलेना खलात कुटला, खोकत,
गोंद बोटाने लावला, पूड शिंपली.
एकच झाला.
मी वाकून पाहिलं: चांदण्यात एका जागी
पूड बसलीच नव्हती,
तिथे अंगठ्याचा ठसा,
रेषा न् रेषा.

प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी लागते,
तो तिचा नियम. मी पेन्सिल घेतली.
"काय लिहू?"
"शिशाचा दगड, कुटलेला. गोंद. बास्सू."
"सापडल्याची जागा?"
"स्वयंपाकघर."
"कस?"

ती चहाला पाणी ठेवायला उठली.
मी ती ओळ कोरी ठेवली
आणि गोळा वर ठेवला, भोकं
भिंतीकडे करून.