दुसऱ्या गेटाजवळ

गेट पडलंय.
मिरजेकडची मालगाडी अजून दिसत नाही.
स्कूटर बंद करून मी फोन काढते:
दोन टिंबं हिरवी,
तिसरं पिवळं, फिरतंय.

मॅक.

मॅक आमच्यात कुणाकडेच नाही.
माझ्याकडे लिनक्स, कचेरीनं मोडीत काढलेल्या डब्यावर.
मल्लसर्जकडे गोकाकात झेरॉक्सच्या दुकानातलं विंडोज,
तेही गिऱ्हाईक नसेल तेव्हा.
तरी आमची जोडयादी,
मराठी आणि कन्नड पुस्तकं एकाच यादीत लावणारी,
फुकट, उघडी, कुणीही न्या, कुणीही दुरुस्त करा,
मॅकवर चालते
असं पहिल्याच पानावर लिहून बसलेलो आम्ही.
धारवाडच्या ग्रंथपाल अनसूयाबाईंनी कळवलं,
नाही चालत.
नम्रपणे कळवलं. ते जास्त लागलं.

तेव्हापासून यंत्र शोधत होते.
कोडात कुणी स्वल्पविराम जरी हलवला
तरी तिन्ही घरी जाऊन
दार वाजवून बघणारं.

एक मिनिटं फुकट देतं,
पण मॅकचं एक मिनिट दहा धरतं,
रविवार पेठेत तराजू धरायला शिकल्यासारखं.
एक फार गोड होतं.
लोकांनी तिथं संसार थाटले
आणि एका मार्चात नळ बंद.
एकाला विंडोज ठाऊकच नाही.
एकाची फाईल अशी, की समासात एक मोकळी जागा चुकली
तर सगळं अडतं,
आणि का अडलं ते सांगत नाही,
लग्नातल्या रुसलेल्या आत्याबाईंसारखं.

मल्लसर्ज म्हणाला, "अक्का,
आपलंच मशीन ठेवू की जिन्याखाली."
"आणि मंगळवारी लाईट जाते तेव्हा?"
"मंगळवारी कोड लिहायचा नाही."

परवा रात्री लॉग वाचत बसले.
सोळाशे ओळी, लाल एकच:
फाईल सापडली नाही, दुसऱ्या-गेटाजवळ.
चाचणीच्या फाईलीला हे नाव मीच दिलेलं,
इथंच, असंच खोळंबलेली असताना.

फाईल होती.
पण "दुसऱ्या"तला ऱ
माझ्या डब्यावर एक अक्षर,
आणि त्या परक्या मशीनवर
र, आणि त्याच्याखाली वेगळं टिंब.
दिसायला तेच. वाचायला तेच.
मोजायला बसलं की दोन.

मी फोन लावला. तो थोडा वेळ गप्प,
मग म्हणाला, "आमच्यातला ऱ्हस्व ओ पण असाच फुटतो अक्का.
ए वेगळा, ऊ वेगळा."
मग दोघंही बसलो,
आपापलं फुटकं अक्षर हातात घेऊन,
मध्ये साठ-सत्तर किलोमीटर.

आई पाण्याला उठली.
"काय बघूलालीस गं एवढं?"
"ऱ."
"कसला?"
"दुसऱ्यातला."
स्वयंपाकघरातला दिवा मालवून ती झोपायला गेली.

शेवटी निवडलं ते सगळ्यांत चांगलं नव्हतं.
दहानं गुणणारंच घेतलं.
मात्र सगळी पावलं आमच्याच स्क्रिप्टमध्ये लिहिली,
आधी अक्षरं जोडून घे, मग मोज, मग लाव,
आणि यंत्राला एवढंच सांगितलं, ही चालव.
उद्या त्यांनीही नळ बंद केला
तर उचलून दुसरीकडे मांडू.
घर भाड्याचं, भांडी आपली.
मॅक रोज नाही, मी हातानं सांगेन तेव्हाच.

आज सकाळी सांगितलंय.

गाडी आली. डबे मोजायची सवय जात नाही,
एकेचाळिसाव्याला चुकले.
गेट वर जातं.
मागचा रिक्षावाला मराठीत ओरडतो,
मग कन्नडात,
मग नुसता हॉर्न.
जाते बाबा, जाते.

टिंब अजून पिवळंच.