फोंड्याला उतरशील तेव्हा

विनीत, पुढच्या सोमवारपासून गोवा तुझ्याकडे.
शेजारीपाजारी डोळा मारतील, मारू देत.
तू फोंड्याला स्टँडवर उतर, कुर्टीची रिक्षा कर.
रात्री पाटीवरचं 'हॉ' पेटत नाही,
नुसतं 'टेल नवदीप' दिसलं
की रिक्षावाल्याला थांब म्हण.

समुद्र विचारू नकोस.
समुद्र पलंगाच्या डोक्याशी आहे, चौकटीत,
पूर्वी निळा होता, आता चहात बुडवून काढल्यासारखा.
खिडकीत ट्रान्सफॉर्मर, एक फणस,
आणि लांब बेतोड्याच्या बाजूला
कुठल्याशा चिमणीवरचा लाल दिवा.
पडदा पूर्ण सरकत नाही, तेव्हा तो तुला दिसणारच.

लिफ्टमध्ये लिहिलंय : सहा माणसं.
आपली वजनांची पेटी आणि तू, दोघंच चढलात
तरी ती दुसऱ्या मजल्याच्या चार बोटं खाली थांबते.
वीस वर्षं काटे तपासतोय मी,
या लिफ्टला शिक्का दिला नसता.
जिन्याने जा. पेटी बुधवा आणेल,
हातात पैसे घेत नाही,
साबणाच्या डबीखाली ठेव, सकाळी नसतील.

गरम पाण्याचा लाल ठिपका खोटा आहे,
नळ उलट्या बाजूला फिरव
आणि दाढी उरकून घे तोवर.
टॉवेलवर दुसऱ्याच हॉटेलचं नाव आहे.
तरणतलाव आहे,
त्यात लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवतात, पालथ्या.
सभागृहात सकाळी औषधकंपनीचं ट्रेनिंग,
संध्याकाळी बारसं,
फळ्यावर टार्गेटचे आकडे तसेच,
त्यांच्याखाली पाळणा.

नाश्त्याला उपमा मागू नकोस.
पातळ भाजी आणि पाव घे, तेवढं एक
त्या इमारतीत अजून म्हातारं झालेलं नाही.

आणि खोलीतला फोन.
बाहेर लागत नाही. आत येतो.
पहाटे साडेचारला वाजेल, दचकू नकोस.
रात्रपाळीचा कायतान असेल.
'पात्रांव, साडेचार,' म्हणेल आणि थांबेल,
तू काही बोलेपर्यंत.

मीच सांगून ठेवला होता तो कॉल,
बाबांना कुडाळहून बांबोळीला हलवलं त्या मार्चमध्ये.
पहिल्या बसने जायचो, मध्ये बदलायचो,
त्यांचं तोंड पुसायचो, चार चमचे पेज,
आणि दहाला कुंडईत काट्यापाशी हजर.
असे एकोणीस दिवस.
विसाव्या दिवशी खाली सांगायला हवं होतं
की उद्यापासून नको.
राहून गेलं.

मग मालक बदलला, काउंटरचा सनमायका बदलला,
कायतान दर नव्या वहीत
जुनी ओळ उतरवत राहिला : २०७, पहाटे ४.३०.
मी असलो की वाजतो.
मी नसतानाही वाजत असेल, कुणाला ठाऊक,
दुसऱ्याच कुणा फिरतीवाल्याच्या उशाशी.
नऊ वर्षं मी 'हो, उठलो' म्हणतो
आणि कूस बदलतो.
एकदाच, गेल्या पावसाळ्यात,
उठून बूटही घातले होते.

तुला नको असेल तर तसं सांग त्याला,
ऐकणारा माणूस आहे, खोडून टाकेल.
मला मात्र कळवू नकोस.

बिल घेताना कंपनीचं नाव वाचून घे,
'वजन' ऐवजी 'भजन' लिहितात दरवेळी
आणि अकाउंट्सच्या बाई परत पाठवतात.
निघताना पेटीतली वजनं मोज.
पाच किलोचं बुधवा दाराला लावतो,
फरशी पुसताना,
आणि ते तिथेच राहतं.