रुमाल टाकलेली जागा

अढीच्या तळाशी, दमट गवतात,
पंचवीस आंबे करप्याने गेलेले.
देठापासून काळे, बोट लावलं की खचणारे.
आणि त्यांच्यात एक
ढिम्म. पिवळा.
त्याला कोणी कळवलंच नव्हतं जणू.

मी फेकणार होतो. एकटं फळ कोण विकत घेतं?
खाडीपलीकडच्या तारींची ऋता,
कॉलेजात बुरशी शिकणारी, म्हणाली, थांबा काका.
कापसाच्या बोळ्याने तिने त्याची साल पुसली
चष्म्याची काच पुसावी तशी, गोल गोल.

चार दिवसांनी काचेच्या बशीत
मलईचे ठिपके उगवले.
झाकण उघडलं तर आंबोळीच्या पिठाचा वास,
रात्रभर चुलीशेजारी ठेवलेल्या.
मी म्हटलं, हा तर घरातलाच.
किण्व, ती म्हणाली. माडीत असतं,
काजूच्या बोंडावर, मोहोराच्या मधात.
तुम्ही दरवर्षी ते औषधाने धुऊन टाकता.

तीस वर्षं मी पंप मारतोय.
नखं गंधकाची झालीत.
माझ्या शर्टासाठी बायको वेगळी बालदी ठेवते.
म्हणून विचारलं, हे बुरशीला मारतं कसं?
मारत नाही, म्हणाली.
आधी येऊन बसतं.

देवगडच्या स्टँडवर
गाडी फलाटाला लागते न लागते तोच
खिडकीतून रुमाल टाकणारी माणसं आठवली.
मांडीवर पिशवी घेऊन, शेंगदाणे संपवत बसलेली.
करपा येतो दव पडल्यावर,
रीतसर दारातून चढतो
आणि कंडक्टर म्हणतो, उतरा.

पौषात चाळीस कलमांवर फवारलं,
ऊन उतरल्यावर, तोंडाला फडकं न बांधता.
काम करताना मोहोराचा वास आला.
तीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळं जमलं असं नाही.
वाऱ्याकडची नऊ कलमं गेलीच.
फेब्रुवारीत एक रात्र पाऊस झाला,
कोण कुठे बसलंय ते त्याने पाहिलं नाही.
मकबूलभाई सारंग पेट्या मोजताना म्हणाले,
"मेली काय रे बुरशी?"
"मेली नाय. तिका जागा नाय गावली."
ते हसले,
आणि पुढच्या सालाचे पैसे अर्धेच दिले.

यंदा पुन्हा.
पंप तीनदा धुतला, आतून, कढत पाण्याने,
जुन्या औषधाचा थेंब राहू नये म्हणून.
मग थंड होऊ दिला.
सांभाळून, ऋताने बजावलंय, जिवंत आहेत.
दहा लिटर जिवंत.
पाठीवर घेतले
आणि शिडी धरली.