गाळायचे शब्द

तासगाव. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची माडी.
खाली चार अंश, वर अडतीस.
लॅपटॉपमध्ये अकरा वर्षांच्या आवक-पावत्या
आणि प्रत्येकीच्या तळाला
पायगोंडा मगदूमांचा शेरा.

लायब्ररी छोटीशी आहे. अलीकडे अ‍ॅप, पलीकडे शोधयंत्र,
मधे ही, दोन्ही घरच्या खोडी ठाऊक असलेली.
इथं पावती सेव्ह झाली की तिकडं आपसूक कळवते,
इथं खोडली की तिकडचंही नाव पुसते.
रकान्यांना वजन देता येतं:
शेतकऱ्याच्या नावाला पाच, गावाला तीन,
शेऱ्याला एक.
एकच का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

मराठी शब्द मात्र सुखासुखी हाती लागत नाही.
पेटी शोधावी तर ती पेट्यांत, पेट्यांवर, पेट्यांवरच्या.
बसले एकेकाचे प्रत्यय खुडत,
बेदाण्याच्या मण्याचं देठ खुडावं तसे.
मणेराजुरी कुणी मनेराजुरी लिहिली तरी सापडावी
म्हणून एका अक्षराची चूक माफ केली.
आणि गाळायच्या शब्दांची यादी केली:
आणि, पण, तर, की, मग, जरा.
जो सगळीकडे असतो तो कुणाच्या कामाचा नसतो,
असा नियम आहे.

शेटे मागे येऊन उभे राहिले.
"खराब निघालेला माल काढा. कुणाचा, कधीचा."
खराब: शून्य.
बुरशी: शून्य.
ओल: दोन, दोन्ही गोदामाच्या भिंतीच्या.

मगदूम आता घरीच असतात. फोन लावला.
आधी रेडिओ, मग खाकरणं, मग ते.
"बाई, पावती शेतकऱ्याच्या घरी जाते. पोरं वाचत्यात.
वर्षभराच्या कष्टाला खराब कसं लिहायचं?
मी आपलं लिहायचो, जरा बघून घ्या."

यादी उघडली. शेवटचा शब्द काढला.
शेऱ्याचं वजन पाचावर नेलं,
इंडेक्स पहिल्यापासून बांधायला टाकला.
कॉम्प्रेसर घरघरत राहिला. चहा आला, निवला.

मग एकच शब्द टाकला: जरा.
दोनशे सात.
पिवळ्या पट्टीत उजळलेला, आगापिछा तोडलेला:
…चाळीस पेट्या, जरा बघून…
…वरचा थर ठीक, खाली जरा…
…सावळज, मुलीचं लग्न आहे, जरा सांभाळून…

शेट्यांनी तोट्याची वही काढली.
बोट खाली सरकत गेलं, तारखा जुळत गेल्या.
सावळजपाशी थांबलं.
"हा माल चांगला होता की. हे बाद करा."
बाद करायची सोय आहे, एका ओळीचं काम.
मी ती ओळ लिहीत होते,
तोवर ते खुर्ची ओढून बसले.

"थांबा," म्हणाले,
"त्या सौद्यात मी किलोमागं दोन रुपये चढवून दिले होते.
का दिले, ते मलाच कधी कळलं नव्हतं."