ठसा

ओपावात नोव्हेंबरमध्ये दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो.
मी चेंडू घडवत बसतो.
वजन सत्तावन्न ग्रॅम, अंगावर पिवळी लव,
फिरकी उलटी की सुलटी, हवेची ओढ,
उसळी विटांच्या चुऱ्यावर किती, सिमेंटवर किती,
ओल्या गवतावर किती.
तीन वर्षं. नोकरी सुटली.
मार्केटा ब्रनोला निघून गेली, जाताना म्हणाली,
तुझा चेंडू तरी खरा होऊ दे.

अवघड होतं ते संगणकाला चुकायला शिकवणं.
पठ्ठ्या चुकायचाच नाही.
प्रत्येक फटका रेषेच्या वीतभर आत,
पाढे म्हणणाऱ्या हुशार मुलासारखा.
मग मी त्याला थकवा दिला, धास्ती दिली,
पाच-चारवर सर्व्हिस करताना
मनगटात बारीकसा कंप दिला,
आणि पहिल्यांदाच त्याने चेंडू जाळ्यात मारला.
त्या रात्री मी एकट्यानेच बिअर उघडली.

रविवारी बाबा येतात, पिशवीत खसखशीचे कोलाचे.
रेल्वे क्लबच्या कोर्टांवर त्यांनी चाळीस वर्षं रोलर ओढला.
आता खांदा कानाच्या वर जात नाही,
म्हणून दोन बोटांनी खेळतात, कीबोर्डवर.
‘उसळी जास्त आहे,’ म्हणतात,
‘सकाळी पाणी मारलेलं असतं. मुरायला वेळ लागतो.’
मी आकडा बदलतो.
माझ्या सगळ्या सूत्रांपेक्षा त्यांचे गुडघे खरे.

त्या रविवारी मी त्यांना नवीन काम दाखवलं:
तांबड्या मातीवर चेंडूचा ठसा.
लांबट, एका बाजूला शेपटी ओढलेला.
शंका आली तर खेळ थांबवता येतो,
पंच खुर्चीतून उतरतात, वाकून बघतात.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
‘किती वेळ राहतो?’
‘गेम संपेपर्यंत. मग पुसतो, नाहीतर मशीन जड होतं.’
‘कोण पुसतं?’
‘प्रोग्रॅम.’
‘खेळाडूला बटण नाही? पुसायचं?’
‘बुटाने?’ मी हसलो.

ते हसले नाहीत.

एकोणऐंशी साल. जिल्ह्याची अंतिम फेरी.
लाकडी रॅकेट, ल्युबोर स्टोक्लासाचा फटका,
डावा कोपरा, मागची रेषा.
‘अर्धा रेषेवर होता,’ बाबा म्हणाले,
‘पंचांना खुर्चीपासून वीस पावलं होती.
मला तीन पुरली.’

पंच आले तेव्हा तिथे नुसतं तांबडं.
स्टोक्लासा जाळ्यापाशी उभा,
‘बोहुमीर म्हणतो ना बाहेर, मग बाहेर.’

ते पदक लहानपणी दर नाताळला मी घासायचो,
राखेने, लिंबाने.
त्यानंतर तीस वर्षं स्टोक्लासाच्या रॅकेटी
बाबांनीच विणून दिल्या,
पैसे घ्यायचे नाहीत.
आई म्हणायची, केवढी दोस्ती.
मार्चमध्ये तो गेला.

दोन-दोनवर सामना थांबवून बाबा बसस्टॉपवर गेले.
कोलाचे तसेच राहिले, झाकणाखाली.
मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो,
एकच ओळ लिहायची होती, तरी.

पुढच्या आवृत्तीत, कोर्ट क्रमांक तीन,
डाव्या कोपऱ्यात, अर्धा पांढऱ्यावर अर्धा तांबड्यावर,
एक ठसा आहे. नवा गेम सुरू झाला तरी पुसला जात नाही.
टाम्पेरेचा एक चाचणीवाला, एस्को, फार बारकाईने बघतो.
त्याने कळवलं: दोष. ठसा जात नाही. बाकी उत्तम.
मी यादीत त्याच्यापुढे लिहिलं:
माहीत आहे. दुरुस्त करायचा नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही.
त्यांनी विचारलेलंही नाही.
मात्र आता ते तिसरंच कोर्ट निवडतात,
हरतात बहुतेक वेळा,
आणि बाजू बदलताना त्यांचा खेळाडू
त्या कोपऱ्याला वळसा घालून जातो.

तशी सोय मी केलेली नाही.
ते दोन बोटांनी करतात.